थंडीने लोखंड बळकट होते काय?

गेल्या श्रावणात आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. बेळगावच्या उद्यमबागेलगत इंजिने दुरुस्त करण्याचे त्याचे लहानसे दुकान आहे. शेतावरील पंपांची डिझेल इंजिने आणि मोटारसायकली तो खोलतो, झिजलेले भाग बदलतो व इंजिन नव्याने बांधून देतो. त्याच्या हाती एक पत्रक होते. इंजिनाचे सर्व धातूचे भाग द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत दोन दिवस ठेवून देऊ, म्हणजे ते दुप्पट टिकतील, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक इंजिनावर हा संस्कार करून घ्यावा, त्यासाठी त्या मंडळींशी वर्षाचा करार करावा आणि अनामत रक्कम भिशीच्या पैशांतून भरावी, असा त्याचा बेत होता.

"सर, विज्ञान तुम्हीच शिकविलेत. हे खरे की खोटे, एवढे सांगा," तो म्हणाला.

आम्ही त्याला म्हटले, "बाळ, खरे म्हटले तरी चुकेल आणि खोटे म्हटले तरी चुकेल. दिवाळीपर्यंत थांब." त्याला जे उत्तर दिले तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांचे वडील किंवा थोरले भाऊ फाउंड्रीत, लेथवर अथवा क्रँकशाफ्टच्या कारखान्यात काम करतात. तेव्हा हा प्रश्न एकट्या त्या दुकानदाराचा नाही.

प्रथम ही थंडी किती, ते पाहू. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. घनरूप कार्बन डायऑक्साइड, ज्यास शुष्क बर्फ म्हणतात, तो उणे ७८ अंशांच्या आसपास असतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिचा सुमारे शेकडा ७८ भाग नायट्रोजन आहे. हा वायू उणे १९६ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे त्याचे पाण्यासारखे द्रव होते. १८८३ साली क्राकोव्ह येथे व्रुब्लेव्स्की व ओल्शेव्स्की या दोघा शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन व नायट्रोजन हे वायू द्रवरूपात भांड्यात साठवून दाखविले. १८९५ साली जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी मोठ्या प्रमाणावर हवा द्रवरूप करण्याची कृती सिद्ध केली. आज गुरांच्या दवाखान्यातही कृत्रिम रेतनाचे नमुने द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात ठेवलेले असतात. म्हणजे ही थंडी आता दुर्मिळ राहिलेली नाही. धातू या थंडीत काही काळ ठेवून पुन्हा नेहमीच्या तापमानास आणणे, यालाच 'क्रायोजेनिक ट्रीटमेंट' म्हणतात. आपण तिला 'अतिशीत संस्कार' म्हणू.

येथे दोन गैरसमज आधीच दूर केले पाहिजेत. अग्निबाणाचे क्रायोजेनिक इंजिन आपण वर्तमानपत्रांतून वाचलेले असते. ५ जानेवारी २०१४ रोजी भारताच्या जीएसएलव्ही अग्निबाणाने स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाच्या बळावर यशस्वी उड्डाण केले. त्या इंजिनात उणे २५३ अंशांचा द्रवरूप हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रवरूप ऑक्सिजन जाळतात. तेथे थंड असते ते इंधन. इंजिनाचे भाग बळकट करण्यासाठी त्यांस गोठवलेले नसते. दुसरा गैरसमज दुकानातलाच आहे. इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची पोलादी बैठक घट्ट बसवावयाची असते, तेव्हा कारागीर ती आधी थंड करतात. चाळीस मिलिमीटर व्यासाचे कडे शुष्क बर्फात ठेवले तर सुमारे पाच शतांश मिलिमीटर आकसते आणि जागेवर सहज उतरते. मग ऊब येताच फुगून पक्के आवळले जाते. ही युक्ती खरी आहे व रोजच्या वापरातली आहे. परंतु तिने कडे बसते घट्ट. त्याच्या धातूची ताकद वाढविणे हा तिचा हेतू नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळू. लोहाराच्या शाळेत उभे राहून विळा किंवा कोयता होताना आपण पाहिला असेल. तापून लाल झालेले पाते लोहार ऐरणीवर घडवितो आणि शेवटी पुन्हा तापवून पाण्यात बुडवितो. याला आपल्या भाषेत 'हत्याराला पाणी देणे' असे म्हणतात. चांगल्या धारेच्या शस्त्राला 'पाणीदार' म्हणावयाचे, तेही यावरूनच. हे 'पाणी' म्हणजे काय, हे कळले की थंडीचा सगळा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो.

घरातील वडीलधाऱ्या मंडळींना जवळ बसवून एक लहान प्रयोग करता येईल. डोळ्यांवर चष्मा असावा व सुई पकडीत धरावी. शिवणाच्या तीन सुया घ्या. पहिली लाल होईपर्यंत तापवा आणि गरम राखेत सावकाश निवू द्या. ती तारेसारखी वाकेल. दुसरी लाल करून लगेच पाण्यात बुडवा. वाकवू जाता ती काडीसारखी मोडेल. तिसरीलाही असेच पाणी द्या, नंतर घासून चकचकीत करा आणि ज्योतीपासून दूर धरून तिच्यावर निळी झाक येईपर्यंत बेताने तापवा. ही वाकेल, पण सोडताच पुन्हा सरळ होईल. एकाच धातूच्या तीन सुया. एक मऊ, एक ठिसूळ आणि एक चिवट! फरक केवळ तापविण्याचा व निवविण्याचा.

याचे कारण पोलादाच्या पोटात आहे. पोलाद म्हणजे लोखंड आणि अल्पसा कार्बन. लोखंडाचे अणू शिस्तीने रचलेले असतात. नेहमीच्या तापमानात ही रचना अशी असते की घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मध्यभागी एक अणू बसतो. धातू लाल होऊन ७२७ अंशांच्या पुढे गेला की पोलादात ही रचना बदलू लागते. आता कोपऱ्यांबरोबर घनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू येतो. या रचनेस रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रज धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून ऑस्टेनाइट म्हणतात. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात शेकडा दोनपर्यंत कार्बन सामावू शकतो. नेहमीच्या रचनेत मात्र शेकडा दोन शतांश एवढाही कार्बन कसाबसा मावतो.

पोलाद सावकाश निवाले तर कार्बनास बाहेर पडावयास सवड मिळते. तो लोखंडाशी संयोग पावून कार्बाइडचे थर बनवितो आणि धातू मऊ राहतो. परंतु लाल पोलाद एकदम पाण्यात बुडविले तर कार्बनास निघावयास वेळच मिळत नाही. तो अणूंच्या मध्ये अडकून पडतो आणि सगळी रचना ताणली जाते. मधल्या सुट्टीची मुले आपापल्या वर्गात जाण्यापूर्वीच कोणी दारे लावून घ्यावी आणि व्हरांड्यात दाटी व्हावी, तसा हा प्रकार आहे. या ताणलेल्या रचनेस मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण आणि तितकीच ठिसूळ असते. लोहाराचे 'पाणी' ते हेच! पुन्हा बेताने तापविल्याने तिचा ताण थोडा ओसरतो व चिवटपणा येतो. या क्रियेस कारखान्यात टेंपरिंग म्हणतात. आपली तिसरी सुई टेंपरिंग केलेली होती.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होते ते वाट पाहिल्याने नव्हे, तर तापमान उतरल्याने होते. एका ठराविक तापमानाला हे रूपांतर सुरू होते, आणि जसजसे खाली जावे तसतसे ते वाढत जाते. मध्येच थांबलो तर तेही थांबते. ते कोठे संपणार, हे मुख्यत्वेकरून कार्बनच्या प्रमाणावर अवलंबून असते. कार्बन शेकडा ०.४ इतका असेल, तर पोलाद हाताला सोसवेल इतके निवण्यापूर्वीच बहुतेक सर्व रूपांतर पुरे होते. कार्बन शेकडा ०.६ ते ०.७ च्या वर गेला, की शेवटची पायरी आपल्या नेहमीच्या तापमानाच्याही खाली जाते. मग लोहाराने कितीही पाणी दिले तरी काही ऑस्टेनाइट तसेच शिल्लक राहते. त्यास पाणी पुरेसे थंड नसते.

मग पुढे काय करावयाचे? पाण्याहून थंड असे काहीतरी द्यावयाचे. अतिशीत संस्काराचे मूळ हे असे साधे आहे. अपुरे राहिलेले पाणी थंडीने पुरे करणे, एवढाच त्याचा पहिला अर्थ. यात जादू नाही आणि भोंदूपणाही नाही.

शिल्लक ऑस्टेनाइट मऊ असते. शिवाय ते कायम टिकेल असा भरवसा नसतो. पुढे महिन्यांनी वा वर्षांनी त्याचा काही भाग आपोआप मार्टेन्साइट बनतो, आणि त्या रूपांतरात त्याचे आकारमान सुमारे शेकडा ४ ने वाढते. कोयत्याला त्याचे काय? परंतु ज्या पोलादी ठोकळ्यांनी कारखान्यात मापे तपासतात, त्यांची लांबी मिलिमीटरच्या सहस्रांशाने बदलली तरी ते निरुपयोगी ठरतात. बेअरिंगचेही तसेच. म्हणून अशा वस्तूंना पाणी दिल्यानंतर उणे ८० अंशांच्या आसपास थंड करण्याची पद्धत कारखान्यांत फार दिवसांपासून रूढ आहे. तिच्या उपयोगाविषयी जाणकारांत मतभेद नाही.

मतभेद सुरू होतो तो त्याच्या खाली. उणे ८० अंशांपर्यंत बहुतेक रूपांतर उरकत असेल, तर उणे १९६ पर्यंत जाऊन अधिक काय मिळणार? १९८२ साली अमेरिकेतील लुइझियाना टेक विद्यापीठाचे रँडल बॅरन यांनी निरनिराळ्या जातींच्या पोलादांवर हा प्रयोग करून पाहिला. छिन्न्या, पंच, डाय ज्यांपासून बनवितात त्या हत्यारी पोलादांची झीज अतिशीत संस्काराने पुष्कळ कमी झाली, आणि उणे १९६ अंशांचा गुण उणे ८० च्या आसपासच्या थंडीहून अधिक दिसला. साधे कार्बनी पोलाद आणि बीड यांना मात्र त्या प्रयोगात लाभ झाला नाही. १९९४ साली जपानच्या लोखंड व पोलाद संस्थेच्या नियतकालिकात अशी माहिती प्रसिद्ध झाली, की शेकडा १२ क्रोमियम असलेल्या हत्यारी पोलादात या संस्कारानंतर कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले आढळतात. झीज कमी होण्याचे श्रेय संशोधकांनी त्या कणांना दिले. आपल्या देशातही हे काम चांगले झालेले आहे. पश्चिम बंगालमधील शिवपूर व खरगपूर येथील संशोधकांनी डी-२ या नावाच्या हत्यारी पोलादाचे तुकडे उणे १९६ अंशांत निरनिराळे तास ठेवून पाहिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे ३६ तासांपर्यंत लाभ वाढत जातो. त्यापुढे अधिक काळ ठेवल्याने तो वाढत नाही.

तेव्हा हत्यारी पोलादापुरते तरी पत्रकातील विधान निराधार नव्हते. आमचा विद्यार्थी हे ऐकून खूश झाला. परंतु त्याच्या दुकानात येतात ती इंजिने, आणि इंजिन काही हत्यारी पोलादाचे केलेले नसते. शिवाय त्याने विचारलेल्या प्रश्नातच एक खोच होती, ती अजून सुटावयाची होती.

तो म्हणाला होता, "भाग मजबूत होतात का?" मजबुती हा शब्द आपण सैलपणे वापरतो. धातूच्या बाबतीत त्यात निदान चार निरनिराळे गुण असतात. पहिला कठीणपणा, काच कठीण आहे, तिच्यावर नखाने ओरखडा पडत नाही. दुसरा चिवटपणा, काचेत तो नाही, एका ठोक्यात ती फुटते. तिसरा गुण झीज सोसण्याचा. पायऱ्यांचा दगड वर्षानुवर्षे पावलांखाली टिकतो, तसा. आणि चौथा थकव्यास तोंड देण्याचा. तार एकदा वाकविली तर तुटत नाही, पण उलटसुलट वीस वेळा वाकविली की तुटते. यास धातूचा थकवा म्हणतात. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तासाभरात १,८०,००० वेळा दाबला व ताणला जातो. तो झिजून जाण्याची भीती फारशी नसते. तो थकून तुटण्याची असते. आणि तो तुटला तर पुष्कळदा इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

हे चार गुण एकत्र वाढतीलच असे नाही. उलट एक वाढविताना दुसरा घटू शकतो. याचे उत्तम उदाहरण चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील संशोधनात मिळते. ईएन ३५३ नावाचे निकेल-क्रोमियमचे पोलाद मोटारीच्या क्राउन व्हील व पिनियन या दंतचक्रांसाठी वापरतात. त्याच्या गाभ्यात कार्बन थोडा असतो, पण पृष्ठभागात तो मुद्दाम मुरविलेला असतो. म्हणून वरची साल कठीण व आतला भाग चिवट होतो. या पोलादावर तेथील संशोधकांनी तीन प्रकारे काम केले. काही नमुन्यांना फक्त नेहमीप्रमाणे पाणी दिले, काहींना त्यानंतर उणे ८० अंशांची थंडी दिली आणि काहींना उणे १९६ अंशांची. २००५ साली त्यांनी झिजेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत थंडी जितकी खोल, तितकी झीज कमी. पुढे २००९ साली थकव्याचे निष्कर्ष आले. त्यांत उणे ८० अंशांच्या नमुन्यांचे आयुष्य वाढले. परंतु उणे १९६ अंशांच्या नमुन्यांचे आयुष्य थंडी मुळीच न दिलेल्या नमुन्यांपेक्षाही कमी भरले.

म्हणजे तेच पोलाद आणि तोच संस्कार, पण एका कसोटीत पहिला नंबर आणि दुसऱ्या कसोटीत शेवटचा! यामागील एक कारण असे सांगतात, की थोडेसे शिल्लक ऑस्टेनाइट दंतचक्राला उपकारकही असते. बारीक चीर पुढे सरकू लागली म्हणजे तिच्या टोकाशी असलेले ऑस्टेनाइट ताणाने मार्टेन्साइट बनते, फुगते आणि चिरेला दाबून धरते. ज्यास आपण शत्रू समजून समूळ नाहीसा केला, तो एका अर्थी राखणदारही होता.

आता इंजिन उघडून एकेक भाग पाहू. सिलिंडरचा ब्लॉक बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा ओतलेला असतो. बिडाविषयी प्रयोगांत एकवाक्यता नाही. बॅरन यांस लाभ दिसला नाही; उलट २०११ साली इंग्लंडातील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांना ब्रेकच्या तबकड्यांसाठी वापरावयाच्या करड्या बिडाची झीज कमी झालेली आढळली, आणि तीही कठीणपणात किंवा दिसणाऱ्या रचनेत विशेष फरक न पडता. असे का व्हावे, हे समाधानकारकपणे उलगडेपर्यंत बिडाच्या ब्लॉकविषयी कोणी हमी देत असेल तर ती घाईची म्हटली पाहिजे. पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. त्यांत ऑस्टेनाइट नाही आणि मार्टेन्साइटही नाही; तेव्हा अपुरे पाणी पुरे करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ॲल्युमिनियमच्या काही सूक्ष्म मापाच्या भागांतील आतले ताण घालविण्यासाठी थंडीचा उपयोग करतात, पण ते काम निराळे.

क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड पुष्कळदा शेकडा ०.४ च्या आसपास कार्बन असलेल्या पोलादाचे घडवितात. त्यांत पाणी बहुतेक पुरे झालेले असते, हे वर पाहिलेच. थंडीला तेथे करावयास काम थोडे उरते, आणि त्या भागांची खरी कसोटी थकव्याची असते. जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह तर बहुधा अशा पोलादाचे असतात, की ज्यात ऑस्टेनाइट कितीही थंडीत टिकून राहावे म्हणून निकेल, मँगेनीज यांसारखे धातू मुद्दाम मिसळलेले असतात. आपल्या स्वयंपाकघरातील चांगल्या स्टीलचे पातेलेही याच जातीचे. म्हणूनच त्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही. शिवाय असा व्हॉल्व्ह चालत्या इंजिनात लाल होण्याइतका तापतो. थंडीने काही कमावलेच असेल, तर ते त्या आचेत टिकावयाचे कसे?

राहता राहिले दंतचक्रे, कॅमशाफ्ट, पिस्टनची पिन आणि बेअरिंगे. यांच्या सालीत कार्बन भरपूर असतो. येथे थंडीला खरोखर काम आहे. परंतु येथेही एक अडचण येते. पाणी दिल्यावर थंडी लगेच दिली पाहिजे आणि टेंपरिंग मागाहून केले पाहिजे. मध्ये काळ गेला किंवा टेंपरिंग आधीच झाले, तर शिल्लक ऑस्टेनाइट हट्टी बनते व थंडीला दाद देईनासे होते. दुकानात येणारे दंतचक्र कारखान्यात केव्हाच टेंपरिंग होऊन, हजारो तास चालून आलेले असते. थंडीला जेथे सर्वांत कमी वाव, नेमके तेच भाग आमच्या विद्यार्थ्याच्या हाती येतात! दंतचक्राला थंडी द्यावयाची तर ती ते बनविणाऱ्या कारखान्यातच द्यावी, आणि किती द्यावी हे त्याच्या थकव्याची परीक्षा घेऊन ठरवावे.

संस्काराची रीतही महत्त्वाची आहे. भाग एकदम द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकला तर बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून मिनिटाला एकदोन अंश अशा बेताने उतरावयाचे, ठरलेले तास थांबावयाचे, तितक्याच सावकाशीने वर यावयाचे आणि मग दीडशे ते दोनशे अंशांवर टेंपरिंग करावयाचे. नव्याने झालेले मार्टेन्साइट ठिसूळ असते. शेवटची पायरी गाळली तर भाग कठीण होईल, परंतु आपल्या दुसऱ्या सुईसारखा मोडेल.

एवढे सांगून झाल्यावर आम्ही आमच्या विद्यार्थ्याला काही प्रश्न लिहून दिले. भाग कोणत्या पोलादाचा आहे? त्याला पाणी केव्हा दिले? थंडी किती, किती वेळ व कोणत्या गतीने? नंतर टेंपरिंग करणार की नाही? आणि 'दुप्पट टिकतील' म्हणजे चार गुणांपैकी कोणता गुण कशाच्या तुलनेत मोजला? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. एखाद्याने इंजिनावर संस्कार केला आणि ते पाच वर्षे सुरळीत चालले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कदाचित त्याने तेल वेळेवर बदलले असेल, हवेची गाळणी स्वच्छ ठेवली असेल किंवा इंजिनावर भार कमी घातला असेल. एकाच कांबीतून केलेले, एकत्रच पाणी दिलेले भाग घ्यावेत. निम्म्यांना थंडी द्यावी, निम्म्यांना देऊ नये. कोणता भाग कोणता, हे यंत्र चालविणाऱ्याला कळू देऊ नये. आणि मग मोजावे. विज्ञानाच्या तासाला आम्ही तुलनेचा नमुना म्हणून जे शिकवितो, त्याचा उपयोग परीक्षेबाहेर होतो तो असा.

ते प्रश्न घेऊन तो पत्रकवाल्या मंडळींकडे गेला. पहिल्या तीन प्रश्नांना गोलमाल उत्तरे मिळाली आणि शेवटच्या दोन प्रश्नांना मुळीच मिळाली नाहीत. त्याने करार केला नाही आणि भिशीचे पैसे जागच्या जागी राहिले. "सर, गिऱ्हाइकाला मी काय म्हणून दुप्पटीची हमी दिली असती?" असे तो नंतर म्हणाला, तेव्हा आम्हांस फार समाधान वाटले. गिऱ्हाइकाचा पंप ऐन उन्हाळ्यात बंद पडला, तर त्याचे उभे पीक वाळते. आणि मग दोष पत्रकाला नव्हे, दुकानदाराला येतो.

मात्र गोष्ट तेथे संपली नाही. त्याच्या शेजारी पत्र्याच्या चकत्या कापण्याचा कारखाना आहे. तेथील पंच शेकडा १२ क्रोमियमच्या हत्यारी पोलादाचे असतात व धार गेली की वारंवार घासावे लागतात. थंडीचा गुण जर कोठे पाहावयाचा, तर तो अशाच जागी. दोघांनी मिळून एकाच कांबीतून आठ पंच करविले. चारांना पाणी दिल्याबरोबर, टेंपरिंगच्या आधी, रीतसर अतिशीत संस्कार करून घेतला. चार तसेच ठेवले. पंचांवर फक्त आकडे कोरलेले आहेत. कोणत्या आकड्याला थंडी दिली, ती चिठ्ठी लिफाफ्यात बंद करून आमच्याकडे ठेवली आहे. प्रत्येक पंचाने दोन घासण्यांच्या दरम्यान किती चकत्या कापल्या, हे यंत्रापाशी असलेल्या वहीत रोज मांडले जाते.

लिफाफा अजून उघडलेला नाही. वही भरली की तो शाळेच्या प्रयोगशाळेत दहावीच्या मुलांसमोर उघडावयाचा आहे. निकाल काय येईल ते येवो. जो येईल तो पुढील वर्षीच्या अंकात जसाच्या तसा छापू.